आधी त्याच्या हातातला झारा काढून घे

"ताई, हे अकरा वर्षं प्रवासी बोटीवर कुक आहेत. आठ महिन्यांनी घरी आले, पण धड बोलत नाहीत, कुणाकडे येत नाहीत, पहाटेच उठून अंगणात बसतात. महिन्याभराची सुटी शिल्लक असताना आता लवकर जायचं म्हणतात. तिकडे कुणी असेल का? यांचा फोन बघू का? घरात काही कमी नाही. स्वयंपाकसुद्धा तेच करतात, तेवढाच मला आराम."
– एक वाचक, वेंगुर्ला

अगं, फोन राहू दे. मी तुझ्या शेवटच्या ओळीवरच अडकले. तेवढाच तुला आराम. आणि त्याला?

बोटीवर चढला की उतरेपर्यंत गॅलीतल्या, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरातल्या, माणसाला साप्ताहिक सुटी नाही. रविवार नाही, चतुर्थी नाही. दर्यावर्दी कामगारांसाठी २००६ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यातली कामाची मर्यादाच दिवसाला १४ आणि आठवड्याला ७२ तासांची. विश्रांतीचे १० तास, तेही दोन तुकड्यांत तोडता येतात. बोट अमेरिकेच्या बंदरात लागत असेल तर तिथले आरोग्य तपासनीस न कळवता चढतात. १०० पैकी ८५ किंवा त्याहून कमी गुण पडले की बोट नापास. थंड पदार्थ ५ अंशांच्या वर जाता कामा नये, गरम ५७ च्या खाली येता कामा नये. बहुतेक गॅल्यांना खिडकीसुद्धा नसते. तो अंगणात का बसतो हे मला तरी कळतं. आणि अशा माणसाला तू घरी पुन्हा शेगडीपुढे उभं केलंस!

माझा थोरला भाऊ मालवाहू बोटीवर भंडारी होता, खलाशांचा स्वयंपाकी. पहिल्या सुटीत आम्ही त्याच्याकडून रोज काही ना काही करून घेतलं. तो कधी नाही म्हणाला नाही. ओव्हनच्या दाराने भाजल्याच्या आडव्या रेघा होत्या कोपराखाली, एक तर अजून ओली. मी शेजारी ताट घेऊन उभी, आणि म्हणाले काय, तर मीठ कमी पडलंय. ते मला आजही टोचतं. चौथ्या दिवशी आईने त्याच्या हातातला झारा काढून घेतला, पाट मांडला, उकड्या तांदळाची पेज वाढली, सोबत भाजलेला सुका बांगडा. तिसऱ्यांदा पेज मागताना तो बोलायला लागला.

उद्या तू त्याच्याआधी उठ आणि पेज ठेव. सुटी संपेपर्यंत त्याला ओट्याशी जाऊ देऊ नकोस. पाहुणे म्हणतील, "बोटीवरचं काहीतरी खायला घाल." त्यांना नाही तू म्हणायचंस, त्याला म्हणायला लावू नकोस. वाढून आत निघून जाऊ नकोस, समोर बस. कुणी बाई आहे का, हे विचारू नकोस. त्याचा हात हातात घे, कोपराखाली बघ, आणि कुठली रेघ कधीची ते विचार.