ठाण्यात जुन्या मारुती झेनला पुढचं आफ्टरमार्केट सस्पेन्शन बसवावं का?

तुमचा प्रश्न असा आहे: १९९९ ची झेन घोडबंदर रोडवर पुढून खडखडते, ऑनलाइन एक कॉइलओव्हर किट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र, गाडीची उंची कमी-जास्त करता येणारं) आवडलंय, ते बसवू का? माझ्याकडेही झेन आहे, २००१ ची, आणि हा उद्योग मी करून बसलोय. खडखड घालवण्यासाठी किट घेणार असाल तर घेऊ नका. खडखड शॉकअपचीच असते असं नाही.

आधी हे बघा. इंजिन बंद, चावी फक्त ऑन. घरातल्या कुणाला तरी स्टिअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकाला फिरवायला सांगा आणि तुम्ही पुढच्या स्प्रिंगवर बाहेरून नुसतं बोट टेकवा (दोन वेढ्यांच्या मध्ये घालू नका). स्प्रिंग चाकाबरोबर गुळगुळीत फिरली पाहिजे. अडून अडून मग 'टण्' करून उडी मारली, तर वरच्या स्ट्रट माउंटचं बेअरिंग गेलंय (स्ट्रट म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंगचा उभा खांब, माउंट म्हणजे तो वर बॉडीला धरणारा भाग). माझ्या गाडीत नेमकं हेच होतं. मला मात्र ते किट बसवून झाल्यावर कळलं, कारण गॅरेजवाल्याने नव्या स्ट्रटवर जुनेच माउंट चढवले होते. पैसे गेले, आवाज तिथेच.

शिवाय गाडी जवळजवळ ४० मिलिमीटर खाली घेतली होती. दिसायला झकास! पण पुढचं सस्पेन्शन मॅकफर्सन स्ट्रटचं असल्यामुळे गाडी बसली की लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा आडवा दांडा) चाकाकडून वर उचलला जातो आणि रोल सेंटर (वळताना गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) गाडीपेक्षाही जास्त खाली जातं. म्हणजे वळणावर गाडी उलट जास्त झुकू बघते आणि ते रोखायला कडक स्प्रिंग लागते. साधारण पाऊण टनाच्या गाडीला कडक स्प्रिंग आणि वर मेट्रोच्या कामाने उखडलेला रस्ता! माजिवड्यापासून गायमुखपर्यंत बंप स्टॉपवर (सस्पेन्शन पूर्ण दबलं की टेकतं ते रबर) आपटत जायचो. त्यात टो (वरून पाहताना चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) बिघडला आणि पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेने झिजले. लोक कॅम्बरला (समोरून पाहताना चाकाचा तिरपेपणा) शिव्या देतात, पण टायर जास्त खातो तो टो. गाडीची उंची बदलली की त्याच दिवशी अलाइनमेंट करा.

शेवटी वागळे इस्टेटमधल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी किटकडे पाहिलंसुद्धा नाही. व्हील आर्चमधून हात घालून स्ट्रट जिथे बॉडीला बसतो तिथला पत्रा स्क्रू ड्रायव्हरने ठोकत गेले. एका जागी टणटण थांबून 'डब्' आवाज आला, काळं अंडरकोटिंग खपलीसारखं निघालं आणि आत गंज. "साहेब, किट नवीन आहे हो, पण ते धरणार कोण?" खाडीकाठची दमट हवा, वीसेक पावसाळे आणि उघड्यावरचं पार्किंग. नवी मुंबईतल्या जुन्या गाड्यांचीही हीच गत. अशा पत्र्यावर कडक स्प्रिंगचे धक्के द्यायचे म्हणजे गाडी मुद्दाम चिरायला लावणं.

तिथला पत्रा कापून नवा वेल्ड केला. मग कंपनीच्या मापाच्या स्प्रिंग, साधे गॅस शॉकअप, नवे माउंट, लोअर आर्मचे रबरी बुश, बॉल जॉइंट. बुशचे बोल्ट गाडी चारही चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे, हे मिस्त्रींना सांगा. गाडी हवेत असताना आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. आणि स्प्रिंग दाबायला कुणी तार-दोरी काढली तर गाडी घेऊन निघा. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीवावर बेततं.

कायद्याचं थोडक्यात: तुमच्या गाडीला पंधरा वर्षं कधीच झाली, म्हणजे दर पाच वर्षांनी आरटीओत पासिंग (गाडीची तपासणी) आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या फेरफारांवर बंधनं आहेत आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ मापापेक्षा वेगळे बदल चालणार नाहीत असं सांगितलंय. झिजलेला शॉकअप त्याच मापाचा बदलणं ही दुरुस्ती झाली. गाडी जमिनीला टेकवणं ही दुरुस्ती नव्हे.

ट्रॅकवर नेण्यासाठी गाडी बनवत असाल तर प्रश्न वेगळा, मग स्प्रिंगचा रेट (कडकपणा) आणि स्ट्रटचा ट्रॅव्हल (वर-खाली हालचाल) यावर बोलावं लागेल. तोवर बॉनेट उघडून दोन्ही बाजूंच्या स्ट्रटभोवतीच्या पत्र्याचे फोटो टाका, वरून आणि व्हील आर्चमधून खालून. ते बघून पुढचं सांगतो.