सांगितलं तर बंदी, लपवलं तर?

"ताई, त्याने स्वतःहून सांगितलं तर बंदी येणार हे नक्की. नाही सांगितलं तर कदाचित कुणाला कळणारही नाही. मग आम्हीच त्याला सांगायला का लावायचं?"

जुगाराच्या व्यसनावर इलाज करणाऱ्या आम्हाला इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या एका मराठी आईने विचारलेला हा प्रश्न. मुलगा २० वर्षांचा फुटबॉलपटू, इंग्लिश फुटबॉलच्या चौथ्या पायरीवरच्या लीग टूमधल्या एका क्लबकडे दोन वर्षांच्या करारावर. नियमाने बंदी असताना तो फुटबॉलवर पैजा लावत होता. वडील मूळचे कोल्हापूरचे, शाहू स्टेडियमवर पेठांच्या तालमींचे सामने बघत वाढलेले. मुलाच्या पायाशी चेंडू त्यांनीच आणून दिला होता. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. प्रश्न मात्र तसाच ठेवला आहे, कारण खेळाडूंच्या घरून येणारा सगळ्यात नेहमीचा प्रश्न हाच असतो.

१४ महिन्यांत त्याने फुटबॉलवर १६३ पैजा लावल्या होत्या. सुरुवात ५ पौंडांच्या अक्युम्युलेटरने झाली. त्यात पाच-सहा सामन्यांचे निकाल एकत्र गुंफायचे आणि एक जरी चुकला तरी सगळं गेलं. पुढे सामना चालू असताना दर काही मिनिटांनी लावणं सुरू झालं. दुखापतीमुळे तो नऊ आठवडे बाहेर बसला आणि नाद तिथेच पक्का झाला. दुपारी मोकळा वेळ, हातात फोन, आठवड्याचा पगार जमा. गेलेले पैसे काढण्यासाठी आणखी लावायचे, या चक्रात ९,४०० पौंड गेले. एका सहकाऱ्याकडून घेतलेले १,५०० पौंड वेगळेच.

नियम त्याला माहीत होता. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने, म्हणजे एफएने, १ ऑगस्ट २०१४ पासून प्रीमियर लीगपासून नॅशनल लीगच्या खालच्या विभागांपर्यंतच्या खेळाडूंना, प्रशिक्षकांना आणि क्लबच्या कर्मचाऱ्यांना जगातल्या कुठल्याही फुटबॉल सामन्यावर पैज लावायला बंदी घातली. ब्राझीलमधला सामना चालत नाही, भारतातलाही चालत नाही. कोणता खेळाडू कुठे जाणार, नवा प्रशिक्षक कोण, यावरही लावता येत नाही. संघातली आतली माहिती दुसऱ्याला देणं आणि त्याने त्यावर पैज लावणं, हाही त्याच नियमाचा भंग. तरी मुलगा पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मी आमच्या संघाविरुद्ध कधीच लावली नाही." म्हणजे मनातल्या मनात त्याने नियमाची एक सोयीची आवृत्ती तयार केली होती.

पहिल्या तासात शिक्षेचा विषय आम्ही काढू दिला नाही. आधी मुलाला एकट्याला बसवून सरळ विचारलं: जीव द्यावासा वाटतो का, तशी काही तयारी केली आहे का? जुगाराच्या कर्जात सापडलेल्या तरुणाला हे आडून विचारू नये, नेमक्या शब्दांत विचारावं. त्याने मान खाली घालून सांगितलं की दोनदा विचार आला होता, तयारी नाही. त्या रात्री तो एकटा राहणार नाही हे ठरलं, मगच पुढे सरकलो.

मग वाटा बंद करायच्या. ब्रिटनमध्ये गॅमस्टॉपवर नाव नोंदवलं की परवानाधारक ऑनलाइन कंपन्या त्या माणसाला खेळू देत नाहीत. मुदत सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं. त्याला सहा महिने हवे होते, आम्ही पाच वर्षांचा आग्रह धरला. सहा महिन्यांनी तो पुन्हा त्याच दारात उभा राहिला असता, तेही कदाचित हंगामाच्या मध्यावर. पण गॅमस्टॉप रस्त्यावरच्या सट्ट्याच्या दुकानांना लागू होत नाही, परवाना नसलेल्या परदेशी संकेतस्थळांना तर नाहीच. म्हणून बँकेच्या ॲपमधून जुगाराचे व्यवहार रोखायचे, फोनवर असली संकेतस्थळं अडवणारं सॉफ्टवेअर टाकायचं आणि पगार काही महिने आईच्या देखरेखीखालच्या खात्यात वळवायचा. यातली एकच गोष्ट करून थांबणारी घरं महिन्याभरात परत येतात. नाद उरलेल्या फटीतून बरोबर वाट काढतो.

इथेच वडिलांनी मोठी चूक करता करता टाळली. संतापाच्या भरात ते मुलाचा फोन रीसेट करून सगळी ॲप्स आणि संदेश पुसून टाकणार होते. हेतू चांगला, परिणाम भयंकर झाला असता. एफएची चौकशी सुरू झाली की फोन, बँकेचे उतारे, संदेश मागितले जातात. ते न देणं किंवा नष्ट करणं हा वेगळा आरोप होतो. त्यामुळे वापर बंद करायचा, पण काहीही पुसायचं नाही. उलट प्रत्येक कंपनीकडे आपल्या खात्याची पूर्ण नोंद लेखी मागायची. माहिती संरक्षण कायद्याखाली ती साधारण महिन्याभरात द्यावी लागते. वडिलांची दुसरी कल्पना होती सहकाऱ्याचे पैसे रोखीने, गुपचूप फेडायची. तीही थांबवली. पैसे बँकेतून गेले, कशासाठी ते लिहून. खेळाडूच्या खात्याभोवती हिशेब न लागणारी रोकड दिसली की तपास करणाऱ्याच्या मनात पहिली शंका सामना विकल्याची येते.

आता आईचा प्रश्न. "कुणाला कळणारही नाही" ही आशा फार कच्ची आहे. ब्रिटनमधल्या परवानाधारक सट्टा कंपन्यांना खेळाचे नियम मोडल्याचा संशय आला तर ती माहिती संबंधित क्रीडासंस्थेला द्यावी लागते. नाव, जन्मतारीख, पत्ता, बँक कार्ड, सगळं त्यांच्याकडे असतंच. मित्राच्या नावाने खातं उघडलं तर पैशाची वाट बँकेत दिसते, आणि लपवाछपवी गुन्ह्याचं वजन वाढवते.

दोन खेळाडूंची प्रकरणं आम्ही त्या कुटुंबासमोर मांडली. तेव्हा ब्रेंटफर्ड क्लबकडून खेळणारा आयव्हन टोनी. फेब्रुवारी २०१७ ते जानेवारी २०२१ या काळातले २३२ नियमभंग, मे २०२३ मध्ये आठ महिन्यांची बंदी आणि ५०,००० पौंड दंड. सुरुवातीच्या चौकशीत त्याने फुटबॉलवर लावल्याचं नाकारलं होतं, पुढे कबूल केलं. बंदी ११ महिन्यांची होणार होती. मानसोपचारतज्ज्ञाने जुगाराच्या व्यसनाचं निदान केल्यामुळे तीन महिने कमी झाले. आणि न्यूकॅसलचा सांद्रो तोनाली. इटलीतली चौकशी सुरू झाल्यावर त्याने तिथे सगळं सांगितलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये १८ महिन्यांची बंदी झाली. त्यातले आठ महिने उपचार आणि १६ जाहीर कार्यक्रमांत बोलण्याच्या बदल्यात माफ झाले, प्रत्यक्ष बंदी दहा महिन्यांची राहिली. शिवाय इंग्लंडमध्ये आल्यावर १२ ऑगस्ट ते १२ ऑक्टोबर २०२३ या काळात लावलेल्या ५० पैजांची माहिती त्याने एफएला आपण होऊन दिली. त्याबद्दल मे २०२४ मध्ये मिळाले २०,००० पौंड दंड आणि दोन महिन्यांची स्थगित बंदी. म्हणजे पुन्हा नियम मोडला तरच ती लागू. आईला तिचं उत्तर या ५० पैजांत मिळालं.

सांगायचं कुणाला आणि कोणत्या क्रमाने, हेही तितकंच महत्त्वाचं. मुलगा क्लबच्या फिजिओजवळ मन मोकळं करणार होता. माणूस चांगला, पण तोही एफएच्या नियमांना बांधलेला. ऐकलेलं पुढे कळवणं त्याला भाग पडू शकतं आणि मग "स्वतःहून सांगितलं" याचं मोल जातं. म्हणून आधी खेळाडूंची संघटना, पीएफए. तिथून गोपनीय मदत मिळते, उपचारांची वाट मिळते. मग क्रीडा-कायदा जाणणारा वकील, मग लेखी कबुली, आणि ती देताना क्लबला कल्पना. हे सगळं आम्ही १२ दिवसांत बसवलं.

कबुलीआधी १६३ पैजांची वर्गवारी केली. १४१ इतर देशांतल्या किंवा वरच्या लीगमधल्या सामन्यांवर. १९ त्याच्याच लीगमधल्या इतर संघांवर. तीन स्वतःच्या संघाच्या विजयावर, तो दुखापतीने बाहेर असताना. स्वतःचा संघ हरेल अशी एकही नाही. पिवळं कार्ड, कॉर्नर, थ्रो-इन अशा त्याच्या हातातल्या गोष्टीवर एकही नाही. ही वर्गवारी वरवरची नव्हे. एफएच्या मार्गदर्शक तक्त्यात शिक्षेचा आकडा यावरच चढतो: परक्या सामन्यावरच्या पैजेला ताकीद किंवा दंडावरही भागतं, स्वतःचा संघ हरेल यावर लावलं तर सहा महिन्यांपासून आजीवन बंदीपर्यंत.

वडिलांना मात्र शिक्षा कमी होऊ नये असं वाटत होतं. "याला कडक शिक्षा झाली तरच बाकीची पोरं शिकतील," असं ते म्हणाले. आई लगेच म्हणाली, "क्लबांच्या छातीवर सट्ट्याच्या कंपन्यांची नावं चालतात, मग माझ्याच पोराला का?" टोनी ज्या जर्सीत खेळत होता तिच्यावरही तसं नाव होतंच. प्रीमियर लीगच्या क्लबांनी एप्रिल २०२३ मध्ये मान्य केलं की २०२५-२६ च्या हंगामाअखेर जर्सीच्या पुढच्या बाजूवरून ही नावं काढायची. आईची तक्रार खरी आहे. पण ती सुनावणीत वापरू नको असं आम्ही मुलाला बजावलं, कारण जबाबदारी ढकलणारा खेळाडू बरा झालेला दिसत नाही, आणि बहुधा झालेलाही नसतो.

शिक्षेबद्दल आमचं मत आम्ही लपवत नाही. सामन्यातली घटना विकणं हा वेगळा गुन्हा आहे. स्ट्रॅटफर्ड टाउनच्या एका खेळाडूने एफए कपच्या सामन्यात मुद्दाम पिवळं कार्ड घेतलं, २०२२ मध्ये त्याला दहा वर्षांची बंदी झाली. ती योग्यच होती. तिथे प्रेक्षक फसवला गेला. पण नादापायी परक्या सामन्यांवर लावणाऱ्याला त्याच तराजूत तोलू नये. त्याला बंदी जरूर द्यावी, पण सराव तोडू नये. टोनीला पहिले चार महिने क्लबच्या सरावालाही जाता आलं नाही. तोनाली बंदीच्या काळात संघाबरोबर सराव करत राहिला. जुगाराच्या व्यसनावर इलाज करताना आम्ही सगळ्यात आधी रिकामा वेळ भरायचं बघतो, आणि सरावबंदी नेमका तोच वेळ रिकामा करते. या मुलाचा नाद कशाने पक्का झाला? नऊ आठवड्यांच्या रिकामपणाने.

बंदीची लांबी करार बघूनही ठरावी. दोन वर्षांच्या करारावरचा लीग टूमधला खेळाडू आठ महिने बाहेर राहिला तर त्याला पुन्हा कुणी बोलावण्याची खात्री नाही; मोठ्या क्लबच्या खेळाडूला तीच बंदी एक वाईट हंगाम ठरते. म्हणून काही भाग स्थगित, तोही उपचारांच्या अटीवर, हे आम्हाला पटतं. मात्र निदान दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या तज्ज्ञाने करावं आणि हजेरीचा अहवाल दर महिन्याला जावा, नाहीतर "व्यसन आहे" ही ढाल होऊन बसेल. इटलीच्या पद्धतीतली सार्वजनिक भाषणं उपचारांच्या पहिल्या सहा महिन्यांत नसावीत, असंही आम्हाला वाटतं. स्वतःलाच अजून भरवसा नसलेला मुलगा शाळकरी पोरांपुढे बरा झाल्याचं बोलू लागतो आणि मग पुन्हा घसरला तर ते कुणाला सांगूच शकत नाही.

त्याला दंड झाला आणि दोन महिन्यांची बंदी. त्यातला एक महिना स्थगित. सराव चालू राहिला. दर रविवारी संध्याकाळी सहाला तो आणि वडील बँकेचा उतारा समोर घेऊन बसतात, २० मिनिटं, ओरडाआरडा न करता.

शेवटच्या बैठकीत त्याने फोन पुढे केला. कोल्हापूरच्या चुलत भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप होता: "दादा, शनिवारी तू खेळतोयस का? तुमचा गोलकीपर फिट आहे?" भारतात ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले, तरी परदेशी संकेतस्थळं कुणी ना कुणी वापरतंच. भावाने कौतुकाने विचारलं असेल, पण उत्तर दिलं की ती आतली माहिती. इंग्लंडचा फुटबॉलपटू किरन ट्रिपियर याने २०१९ मध्ये आपण क्लब बदलणार असल्याची माहिती मित्रांना दिली, त्यांनी त्यावर पैजा लावल्या, आणि डिसेंबर २०२० मध्ये दहा आठवड्यांची बंदी आली ती ट्रिपियरवर. काय लिहू, असं मुलाने विचारलं. आम्ही चौघांनी मिळून एक ओळ ठरवली आणि त्याने ती तिथेच पाठवली: "संघाचं काही विचारू नका रे, नियम आहे. सामना झाला की फोन करतो."