वडिलांची चिमूटभर रक्षा अवकाशात पाठवायची आहे. भाऊ अडवू शकतो का?

प्रश्न : आमचे वडील खानापूर तालुक्यात विज्ञानाचे शिक्षक होते. दोन महिन्यांपूर्वी ते गेले. 'माझी चिमूटभर रक्षा अवकाशात पाठवावी' असं त्यांनी डायरीत लिहून खाली सही केली आहे. अमेरिकेतल्या एका कंपनीकडे मी चौकशी केली. रक्षाविसर्जन झालं, पण थोड्या अस्थी लोट्यात घालून निपाणीला थोरल्या भावाकडे ठेवल्या आहेत. येत्या अमावास्येला त्या नृसिंहवाडीला सोडणार, मध्ये आलीस तर स्टे आणीन, पोलिसांत जाईन, असं तो म्हणतो. आईची ना नाही. मुलीला यात काही हक्क आहे का?

उत्तर : ताई, हक्काचं नंतर बोलू, आधी अमावास्या गाठा. कृष्णेत सोडलेल्या अस्थी कुठलंही कोर्ट परत आणून देणार नाही. आईंच्या सहीचं पत्र आजच भावाला स्पीड पोस्टानं पाठवा आणि त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका. पत्रात अख्खा लोटा मागू नका. 'वीस ग्रॅम बाजूला ठेव, बाकीच्या रीतीप्रमाणे सोड' एवढंच लिहा. अवकाशात जाणारी कुपी एक ते सात ग्रॅमची असते. भावाला बहुधा वाटतंय की तुम्ही सगळ्याच अस्थी परदेशी धाडणार. निम्मं भांडण तिथंच आहे.

आता हक्काचं. अस्थी ही मालमत्ता नाही. त्यामुळे हिंदू वारसा कायद्यातला मुलामुलींचा समान वाटा इथं लागत नाही, आणि थोरलेपणाचा म्हणून वेगळा हक्कही भावाला मिळत नाही. माणसाची प्रतिष्ठा मृत्यूनंतरही राखली पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं घटनेच्या कलम 21 च्या आधारे 1995 च्या परमानंद कटारा प्रकरणात म्हटलं आहे. वाद कोर्टात गेलाच तर माझ्या मते दोन गोष्टींना सर्वांत जास्त वजन येईल : वडिलांची इच्छा आणि आईंचं म्हणणं. या दोन्ही आज तुमच्या बाजूला आहेत.

डायरीवर दोन साक्षीदारांच्या सह्या नसतील तर ते मृत्युपत्र ठरणार नाही (भारतीय वारसा कायदा 1925, कलम 63). पण तुम्हाला इस्टेट मागायची नाही, इच्छा दाखवायची आहे, आणि तेवढ्यासाठी डायरी चांगला पुरावा आहे. ते पान फाडून वेगळं काढू नका, डायरी अख्खी ठेवा. बँकेतल्या किंवा शाळेच्या कागदांवरची त्यांची जुनी सही सोबत जोडा. मजकूर मराठीत असल्यानं काही बिघडत नाही. फक्त इथल्या कोर्टासाठी कन्नड किंवा इंग्रजी आणि कंपनीसाठी इंग्रजी भाषांतर करून घ्या.

पोलिसांची धमकी मनावर घेऊ नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम 301 मध्ये मृतदेहाची विटंबना हा गुन्हा आहे खरा, पण त्यासाठी भावना दुखावण्याचा हेतू किंवा तशी जाणीव लागते. वडिलांची लेखी इच्छा आईंच्या संमतीनं पुरी करण्यात तो हेतू कुठून येणार? स्टेचं मात्र खरं आहे. तुमचं म्हणणं न ऐकता एकतर्फी मनाई निघू नये म्हणून निपाणीच्या दिवाणी न्यायालयात कॅव्हेट टाका (दिवाणी प्रक्रिया संहिता, कलम 148-अ). ती 90 दिवस चालते. पण कॅव्हेटनं भावाचं नृसिंहवाडीला जाणं थांबत नाही. त्यासाठी तुम्हालाच दावा लावून मनाई मागावी लागेल, आणि तो शेवटचा उपाय ठेवा. त्याआधी तालुका कायदा सेवा समितीकडे मध्यस्थीचा अर्ज करा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता ही मदत मोफत मिळते.

मध्यस्थीत भावापुढे एक पर्याय जरूर ठेवा. काही उड्डाणं अवकाशाच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन परत येतात आणि कुपी घरच्यांना मिळते. तीच पुढे कृष्णेत सोडता येते. कक्षेत गेलेली कुपी कालांतरानं वातावरणात जळून जाते, चंद्रावरची तिथंच राहते. 'बाबांना गती मिळणार नाही' ही भावाची भीती असेल तर परत येणारं उड्डाण घ्या, मग ते जरा कमी रोमांचक वाटलं तरी चालेल.

पैसे भरण्यापूर्वी करार शब्दन् शब्द वाचा. 2008 मध्ये फाल्कन-1 रॉकेट कक्षेत पोचण्याआधीच अस्थींसह नष्ट झालं. जानेवारी 2024 मध्ये पेरेग्रिन हे चांद्रयान इंधनगळतीमुळे चंद्रावर न पोचता पृथ्वीच्या वातावरणात जळालं. जून 2025 मध्ये 166 कुप्या घेऊन गेलेली कॅप्सूल कक्षेतून परतली, पण पॅराशूट न उघडल्यानं पॅसिफिकमध्ये बुडाली. म्हणून तीन गोष्टी लेखी घ्या : उड्डाण फसलं तर दुसरं फुकट मिळेल का, लांबलं तर पैसे कधी परत मागता येतील, आणि वाद कुठल्या कोर्टात चालेल. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे राहत्या ठिकाणी, म्हणजे बेळगावच्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. पण भारतीय न्यायालयाच्या हुकूमनाम्याची अमेरिकेत थेट अंमलबजावणी होत नाही, त्यामुळे तिथल्या कंपनीकडून वसुली करणं फार जिकिरीचं. मी तर म्हणेन, वीसपैकी निम्मेच ग्रॅम पाठवा आणि निम्मे आईंपाशी ठेवा.

पाठवायच्या अस्थी कोरड्या हव्यात. दूध-पाणी शिंपडलेल्या असतील तर उन्हात नीट वाळवा, कोळसा आणि खिळे वेचून काढा. मोठ्या खासगी कुरियर कंपन्यांपैकी अनेक जण रक्षा घेत नाहीत, तेव्हा अमेरिकेला जाणाऱ्या नातेवाइकाच्या हातसामानातून पाठवणं सोयीचं. विमान कंपनीला आधी कळवा. डबा लाकडी किंवा प्लॅस्टिकचा घ्या. तांब्याच्या लोट्यातून एक्स-रे आरपार जात नाही आणि तपासणीत अडवतात. दहन झालेल्या अस्थींसाठी अमेरिकेचं आरोग्य खातं मृत्यूचा दाखला मागत नाही, तरीही दाखला आणि स्मशानभूमीची पावती जवळ असू द्या. पैसे रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेतून पॅन देऊन पाठवता येतात. वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, म्हणजे तुम्हाला अडचण नाही.

आईंचं संमतीपत्र कर्नाटकाच्या ई-स्टॅम्पवर करून नोटरी करा. निपाणीहून कोल्हापूर जवळ म्हणून तिकडचा स्टॅम्प आणू नका. जमलं तर त्यावर भावाचीही सही घ्या. कंपनीनं मागितलं नसेल तर अपोस्टिलवर (कागद परदेशात चालावा म्हणून मिळणाऱ्या सरकारी शिक्क्यावर) पैसे घालवू नका. आणि मृत्यूचा दाखला आजच काढून बघा. कन्नडमधून इंग्रजीत जाताना आपल्याकडच्या मराठी नावांचं स्पेलिंग हमखास बदलतं. ते आधारशी जुळत नसेल तर जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम 15 खाली निबंधकाकडून आधी दुरुस्त करून घ्या, मगच कंपनीचा अर्ज भरा.