बाबासाहेबांचे कोलंबिया

प्रश्न : माझी भाची न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला जात आहे. बाबासाहेब जिथे वाचत बसत, ते ग्रंथालय आजही आहे का? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : इमारत आहे, ग्रंथालय मात्र तिथून हलले. १७५४ साली ‘किंग्ज कॉलेज’ म्हणून स्थापन झालेले हे खासगी विद्यापीठ १८९७ मध्ये सध्याच्या जागी आले आणि बाबासाहेब १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर तिथे पोहोचले तेव्हा ग्रंथालय घुमटाच्या ‘लो’ इमारतीत होते. अनेक जण ‘बटलर’ ग्रंथालयासमोर भक्तिभावाने छायाचित्र काढतात. पण ते उघडले १९३४ मध्ये, म्हणून हा खुलासा मला अगत्याचा वाटतो. ‘लो’मध्ये आता प्रशासकीय कचेऱ्या आहेत. तिच्या रुंद पायऱ्यांवर ऊन पडले की विद्यार्थी डबे, पुस्तके घेऊन बसतात. तिथल्याच ‘अल्मा माटर’ या कांस्यपुतळ्याच्या वस्त्राच्या चुण्यांत एक छोटे घुबड दडलेले आहे. नवे विद्यार्थी ते हौसेने शोधतात. भाचीने लेहमन ग्रंथालयातील बाबासाहेबांचा अर्धपुतळाही आवर्जून पाहावा.