जीवाश्मांची छायाचित्रे असताना त्रिमितीय प्रतिमा कशाला हव्यात?

नागपूरच्या महाविद्यालयांतील जीवाश्मांचे फोटो काढलेले असताना त्रिमितीय प्रतिमांवर खर्च का करावा, असा आपला प्रश्न आहे. फोटो एकच बाजू दाखवतो, तर त्रिमितीय प्रतिमेवर दूरचा अभ्यासकही मूळ हाडाला हात न लावता मापे घेऊ शकतो. टायटॅनोसॉरस इंडिकस या डायनासोरचे जबलपूरला 1828 मध्ये सापडलेले शेपटीचे मणके कित्येक दशके हरवलेले होते. त्यांतला एक 2012 मध्ये कोलकात्यात पुन्हा हाती लागला, पण तोवर अभ्यासकांना मूळ मणक्यांशिवायच भागवावे लागले, ही हानी मला फार मोठी वाटते.

आपल्याजवळचे उदाहरण म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुऱ्याचे विष्ठाश्म, म्हणजे दगड झालेली प्राण्यांची विष्ठा. त्यांतील गवताच्या सूक्ष्म सिलिकाकणांचा शोध 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. असे कण काढताना नमुन्याचा तुकडा रसायनांत खर्ची पडतो, म्हणून प्रतिमा त्याआधीच घ्यावी.

यंत्र महागडेच लागते असे नाही. नमुना फिरत्या पाटावर, शेजारी मोजपट्टी, मंद व सारखा प्रकाश आणि प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निदान 60 टक्के भाग येईल अशी शंभरेक छायाचित्रे, एवढ्यावर संगणक ती जोडून पृष्ठभागाची त्रिमितीय प्रतिमा नीट उतरवतो. आतली रचना पाहायची असेल तर मात्र सीटी स्कॅनच करावा लागेल. फाइलसोबत नमुना क्रमांक, स्थळ आणि खडकाचा थर अवश्य नोंदवावा.