अळ्यांची आवड आहे, म्हणून रसायनशास्त्र सोडू नका

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कापूस उत्पादक वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. शेतातल्या अळ्या डब्यात पाळते. झाडातलं विष अळीला का बाधत नाही, यावर तिला संशोधन करायचं आहे. त्यासाठी पुढे प्राणिशास्त्र ठेवून रसायनशास्त्र सोडायचं ती म्हणते. वडील विचारतात, "किड्यांच्या शिक्षणावर पोट भरतं का?"

नमस्कार. पोटाचं पुढे सांगतो. आधी रसायनशास्त्राचं, कारण निर्णय तिथे चुकायला नको.

मुलीचा प्रश्न तुमच्याच शेतातला आहे. कपाशीचं पान उजेडासमोर धरा, बारीक काळे ठिपके दिसतील. बोंडांवरही असतात. त्या ग्रंथींत गॉसिपॉल नावाचं विषारी रसायन साठलेलं असतं. कोंबड्यांना सरकीची पेंड बेतानेच द्यावी लागते ती त्यामुळे. तरी हिरवी बोंडअळी तेच खाऊन वाढते. हीच अळी हरभऱ्यावर घाटेअळी म्हणून येते, तुरीच्या शेंगाही पोखरते. प्रत्येक झाडाची रसायनं वेगळी, खाणारी अळी एकच.

2007 साली शांघायच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की गॉसिपॉल पोटात गेलं की या अळीच्या आतड्यात एक ठरावीक जनुक जोरात काम करू लागतं. ते जनुक दाबणारा आरएनए नावाचा रेणू त्यांनी झाडातच तयार करवला. ती पानं खाल्लेल्या अळ्यांना गॉसिपॉल सोसेना, त्यांची वाढ खुंटली. या जनुकापासून बनणारं एन्झाइम, म्हणजे शरीरातली रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, हेच विष मोडत असावं, असा समज झाला. पुढे जर्मनीत येना इथल्या मॅक्स प्लांक संस्थेत अळीची विष्ठाच तपासली गेली. तिच्यात साखरेचे रेणू जोडलेलं गॉसिपॉल निघालं! म्हणजे अळी विषाला साखर जोडून ते बाहेर टाकते. आणि हे करणारी एन्झाइमं निराळीच होती. आधी संशय होता ते एन्झाइम गॉसिपॉलवर थेट काम करत नाही.

हा उलगडा विष्ठेतला रेणू ओळखता आल्यामुळे झाला. जनुक चालू झालं, एवढ्यावरून ते नेमकं काय करतं हे कळत नाही. त्यासाठी रेणू वेगळा करावा लागतो, त्याचं वजन काढावं लागतं, रचना ठरवावी लागते. तिच्या आवडीचं निम्मं काम रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आहे. म्हणून माझा आग्रह आहे: मुख्य विषय कोणताही असो, सेंद्रिय रसायनशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र तिने सोडू नये.

आता वाट. कृषी विद्यापीठांतलं कीटकशास्त्राचं एम.एस्सी. सहसा कृषी पदवीधरांसाठी असतं, त्यामुळे त्यावर विसंबू नका. तिने जीवरसायनशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. करावं, त्यासाठी जॅम आणि गॅट-बी या प्रवेश परीक्षा आहेत. मग नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा आणि पीएच.डी. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत घाटेअळीचं पचन आणि ते अडवणारी वनस्पतींची प्रथिनं यांवर संशोधन झालं आहे. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था तर तुमच्या जवळच आहे. दोन्हींच्या वेबसाइटवर प्रशिक्षणाच्या जाहिराती तिने स्वतः बघाव्यात.

पोटाचं स्पष्ट सांगतो. पदवीनंतर लगेच पगार हवा असेल तर ही वाट नाही. एम.एस्सी.ची दोन वर्षं घरून खर्च लागेल, पीएच.डी.ला आणखी पाचेक वर्षं जातील. मात्र नेटमधून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर महिना 37,000 रुपये आणि घरभाडं मिळतं, तेव्हा तो काळ घरावर ओझं होत नाही. पुढे संशोधन संस्था, विद्यापीठं, बियाणे आणि कीटकनाशक कंपन्यांच्या प्रयोगशाळा आहेत. जागा मोजक्या असतात, हे मुलीलाही माहीत असू द्या.

तोवर डब्यांतला छंद थांबवू नका. एकाच वयाच्या अळ्या घेऊन काहींना कपाशीची पानं, काहींना हरभऱ्याचे घाटे द्या, रोज वजन करा, तारखेनिशी वहीत लिहा. एम.एस्सी.च्या मुलाखतीला ती वही सोबत न्यावी. आणि विषय निवडीचा अर्ज भरण्याआधी कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या सरांना तिने एकदा भेटावं. प्राणिशास्त्रासोबत दुय्यम विषय म्हणून ते ठेवता येतं का, तेवढं विचारून घ्यावं.