गुहेतल्या माशाचे डोळे ‘येत नाहीत’ की ‘जातात’?

प्रश्न असा आलाय की मेक्सिकोतल्या गुहेतल्या आंधळ्या माशावर लिहिताना ‘भ्रूणाला डोळे येत नाहीत’ म्हणावं की ‘अंधारामुळे डोळे जातात’.

माझं मत विचाराल तर दोन्ही नको. डोळे आले म्हटलं की आपल्याला लाल डोळे आणि ड्रॉप्सच आठवतात. ‘फुटतात’ म्हणावं तर त्याहून पंचाईत, बटाट्याला डोळा फुटला म्हणजे उगवला आणि माणसाचा फुटला म्हणजे गेला! सरळ ‘डोळे तयार होतात’ लिहा, कारण ते खरंच होतात. ॲस्टियानॅक्स मेक्सिकॅनस ह्या एकाच जातीचे काही मासे नदीत राहतात, डोळस, आणि काही सिएरा दे एल आब्रा ह्या मेक्सिकोतल्या डोंगररांगेच्या चुनखडीतल्या पाचोनसारख्या गुहांत. गुहेतल्या भ्रूणातही सुरुवातीला डोळ्याची वाटी, भिंग सगळं बनतं, जरा लहान असतं इतकंच, मग भिंगातल्या पेशी मरायला लागतात, डोळ्याची वाढ खुंटते, तो आत खोल जातो आणि वर कातडी येते. २००० साली यामामोटो आणि जेफ्री या संशोधकांनी नदीतल्या भ्रूणाचं भिंग काढून गुहेतल्या भ्रूणाच्या एका बाजूला बसवलं, तर त्या बाजूला चांगला मोठा डोळा वाढला आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही.

आता ‘अंधारामुळे’. खरा घोळ ह्या ‘मुळे’चा आहे. नदीतल्याची अंडी अंधारात वाढवली तरी पिल्लांना डोळे असतातच, गुहेतल्याची उजेडात वाढवली तरी नसतातच, म्हणजे हे जनुकांत मुरलेलं आहे. हेजहॉग नावाचा सिग्नल, म्हणजे पेशींनी काय बनायचं ते सांगणारा रासायनिक निरोप, गुहेतल्या भ्रूणात जास्त पसरतो, त्याने चव घेणाऱ्या कळ्या वाढतात आणि डोळा मागे पडतो. मात्र गुहेचा भ्रूणावर थेट परिणाम होतच नाही असंही लिहू नका हां. गुहेतल्या पाण्याची विद्युतवाहकता बरीच कमी असते, आणि तसल्या पाण्यात नदीतल्या माशांचे भ्रूण वाढवले तर कुणाचे डोळे मोठे कुणाचे लहान असा फरक नेहमीपेक्षा जास्त दिसतो, हे २०१३ मध्ये दाखवलं गेलंय. म्हणजे जनुकं सोडून गुहेलाच दोष द्यायचा तर अंधाराला नको, पाण्याला द्या.

‘जन्मांध’ चालेल, पण जपून. वेगवेगळ्या गुहांतल्या दोन आंधळ्या माशांची जोडी लावली तर काही पिल्लं चक्क डोळस निघतात, कारण दोन्हीकडे बिघडलेली जनुकं वेगवेगळी असतात. आंधळा मागतो एक डोळा ही म्हण इथे बिनधास्त वापरा.

आणि हो, ‘गर्भ’ नको, ‘भ्रूण’च बरोबर, अंडी बाहेर पाण्यात पडतात ना.